तुटायच्या आधी

पहाटे साडेपाचला साखर पेठेतल्या शाळेच्या माडीवर
आम्ही अकरा जणी,
आणि खाली अंथरायला चादरी,
कुठेतरी एक रेघ चुकलेल्या,
निम्म्या भावात मिळतात तसल्या.
माझ्या चादरीवरच्या मोराला चोचच नाही.
रोज त्याच्यावर कपाळ टेकते.

मल्लेशम सर अडतीस वर्षं मागावर होते.
दोन्ही कान तिथेच ठेवून आले.
आता भिंतीला टेकून बसतात
आणि उजवा तळवा फळ्यांच्या जमिनीवर ठेवतात.
आम्ही वृक्षासनात उभ्या राहिलो की
डोळे मिटूनच सांगतात,
"महादेवी, तू डाव्या पायावर नाहीस.
तू उद्यावर उभी आहेस."
त्यांचं मराठी तेलुगूतून चालत येतं,
जरा लंगडतं, पण नेमकं घरी पोचतं.

एकदा मी हातवारे करून विचारलं,
धागा तुटणार, हे कसं कळायचं?
म्हणाले, "तुटल्यावर तर मालकालाही कळतं.
आधी एक गप्प जागा येते.
सगळा कारखाना धडधडत असतो
अन् त्यात तेवढी एक जागा गप्प.
हात तिकडे जातो. मी नेत नाही."

मी टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस.
दिवसाला नऊशे टॉवेल डोळ्यांखालून जातात,
डाग, गाठ, सुटलेली किनार.
जे दिसतं त्याचा पगार मिळतो मला.
न दिसणाऱ्याचं काय करायचं, कुणी शिकवलं नव्हतं.

शवासनात मी वर्षभर मेलेच नाही.
चार दिवसांनी येणारं पाणी आज येणार का,
कडक भाकरी संपल्या का,
पंख्याचा हप्ता.
सरांचा तळवा जमिनीवर. ते गप्प.
त्यांना माझा सगळा हिशोब ऐकू जात असणार.

मग एका सकाळी आतून आवाज आला :
आज कामावर जाऊ नकोस.
मी गेले नाही.
काहीही झालं नाही. एक दिवसाचा पगार कापला गेला.
संध्याकाळी लक्षात आलं,
ती आदल्या रात्रीची शेंगाचटणी होती.
सरांना पाटीवर लिहून दाखवलं
तर कवळी सांभाळत हसले.
"पोट बोलतं ते सगळंच खरं नसतं, बाई.
भीती घाई करते.
दुसरं जे असतं, ते नुसतं बसून राहतं.
रोज ये. ओळख होईल."

मे महिन्यात बँकेत
धाकटा दीर चनबसू, नवीन शर्ट,
कागदावर पेन्सिलीच्या तीन फुल्या,
जामीनदार म्हणून माझं नाव.
एसीचा वारा थेट मानेवर.
सगळे चांगलं बोलत होते. तोही खोटा नव्हता.
आणि पेन हातात घेतलं
तर बेंबीच्या मागे एक जागा गप्प झाली.
धडधड नाही, घाम नाही.
मी वाट पाहिली, चटणीची आठवण ठेवून.
ती उठली नाही. बसूनच राहिली.
मी पेनाला टोपण लावलं.

त्याला दुसरा जामीनदार मिळाला.
दुकान छान चाललंय.
गड्ड्याच्या जत्रेत त्याने सगळ्या पोरांना पाळण्यात बसवलं,
माझ्याही.
जाऊ म्हणाली, "बघा, उगाच घाबरलात."
मी घाबरले नव्हते,
पण हे सांगायला माझ्याकडे पुरावा नाही.
रात्री कधी कधी वाटतं, चुकलंच का?
मग मी ती जागा शोधते.
ती तिथेच असते, न वाद घालता.

सरांना हे सगळं लिहून दाखवायचं होतं.
पाटी घेतली, ठेवून दिली.

आज पाणी यायचा दिवस आहे.
मी अजून पडून आहे चोच नसलेल्या मोरावर,
डोळे मिटलेले.
आत्ता सरांनी जमिनीवरचा हात उचलला.
पाहिलं नाही मी.
उचललाच.